'या' म्हणणारी बचावफळी

मुलांनो, समोरून कोणी मोठे आले, तर तुम्ही काय करता?

बाजूला होता ना? शहाणी मुले. असेच करावे.

एका जंगलात ही रीत फार कसोशीने पाळत असत. त्या जंगलातून एक नदी वाहत होती. उन्हाळ्यात ती आटून जाई आणि अलीकडच्या काठाशी फक्त एक डोह उरे. तोच सगळ्यांचा पाणवठा. तिथे आपण पाणी पीत असताना मागून आपल्यापेक्षा मोठे जनावर आले, की तीन पावले डावीकडे सरायचे, मान खाली घालायची आणि "या" म्हणायचे. सशाने भेकराला "या" म्हणायचे. भेकराने सांबराला. सांबराने अस्वलाला. पिलू चालायला लागले, की आई त्याला आधी हे शिकवी आणि मग पळायला शिकवी.

सशाची पाळी येईपर्यंत पाणी गढूळ झालेले असे. पण त्याला काही इलाज नव्हता. जंगलाला आपल्या रीतीचा मोठा अभिमान होता.

"आपल्याकडे संस्कार आहेत," असे अस्वल नेहमी म्हणे.

वाघ कधीच दुसरीकडे राहायला गेला होता. त्यामुळे अस्वलाला कोणालाच "या" म्हणावे लागत नसे.

नदीच्या पलीकडे दुसरे जंगल होते. त्याला सगळे पैलाड म्हणत. तिथे वेगळीच तऱ्हा. ज्याला तहान जास्त, त्याने आधी प्यायचे. आता तहान कोणाला जास्त आहे, हे कसे कळायचे? जो जागचा हलत नाही, त्याला. एवढे साधे. तिथे खार हलली नाही, तर गवासुद्धा मागे थांबे. आपल्या जंगलातले लोक याला रानटीपणा म्हणत.

एका उन्हाळ्यात काय झाले, माणसांची मुले सहलीला आली आणि जाताना एक फुटबॉल विसरून गेली. झाले! साऱ्या जंगलाला फुटबॉलचे वेड लागले. नदीच्या कोरड्या पात्रात मैदान आखले. दोन्ही टोकांना बाभळीचे ओंडके रोवून गोल केले. पैलाडच्या जंगलाला आव्हान पाठवले. आठवड्याला एक, असे चार सामने ठरले.

ओंडके रोवताना कोणी खाली पाहिले नाही. आपल्या बाजूच्या गोलामागे दोन पावलांवर टिटवीची चार अंडी होती.

टिटवी झाडावर घरटे बांधत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. ती उघड्या रानात चार खडे इकडचे तिकडे करते आणि मध्ये अंडी घालते. अंडीही खड्यांसारखीच दिसतात. अठ्ठावीस दिवस बसावे लागते. दुपारी ऊन तापले, की ही टिटवी डोहावर जाई, पोटाची पिसे भिजवून आणी आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसे. वरून घार येऊ नये म्हणून तिचा नवरा टिटवा आकाशावर नजर ठेवी. जमीन सांभाळायची तिने. ओंडके रोवले त्या दिवशी तिचे दोन दिवस झाले होते.

ती प्रशिक्षकांकडे गेली.

प्रशिक्षक होते साळिंदर मास्तर. माणसांच्या मैदानाशेजारच्या एका बिळात ते एकदा तीन महिने राहिले होते. एवढ्या शिक्षणाचा दुसरा कोणी त्या जंगलात नव्हता. मास्तर आपल्याच अंगचा एक काटा उपसत आणि त्याने वाळूत खेळाच्या योजना काढत. गोल, बाण, तुटक रेघा, भरीव रेघा. फार सुबक असायच्या.

"मास्तर," टिटवी म्हणाली, "गोल जरा दहा पावले तिकडे सरकवता का? माझी अंडी आहेत मागे."

"दहा पावले?" मास्तर दचकले. "बाई, साऱ्या योजना या गोलावर बेतल्यात. गोल हलला तर बाण चुकतील."

"चेंडू आत आला तर अंडी फुटतील हो."

"येईल कसा? बचाव आहे ना! भेकर इथे, मुंगूस तिथे, आणि गोलात घोरपड. घोरपडीची पकड तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही निर्धास्त बसा."

टिटवी निर्धास्त बसली नाही, पण बसली.

सरावात बचाव खरोखर भक्कम दिसे. सरावाला समोर ससे असत. ससा चेंडू घेऊन आला, की भेकर आडवे होई, मुंगूस पायात घुसे, घोरपड चेंडूला असा विळखा घाली, की सोडवायला दोघे लागत. चार दिवसांत एकाही सशाला गोल करता आला नाही. धाकट्यांपुढे आपला बचाव फारच भारी होता.

पहिला सामना सुरू झाला. पैलाडचे खेळाडू चेंडू गव्याला देत. गवा म्हणजे केवढा, तुम्ही पाहिलाय ना? काळा डोंगरच. तो चेंडू घेऊन धावत आला. भेकर आपल्या जागेवर अगदी योजनेप्रमाणे उभे होते. गवा जवळ आला. भेकर तीन पावले डावीकडे सरले, मान खाली घातली आणि म्हणाले, "या."

मुंगूसही तीन पावले सरले. "या."

घोरपड गोलातून बाहेर आली. "या, या."

गवा गोंधळला. इतका मान त्याला घरीही मिळत नसे. त्याने "बरं" म्हणून मान हलवली आणि चेंडू हळूच गोलात नेला.

असे आठ वेळा झाले. सातवा गोल जरा जोरात गेला. चेंडू ओंडक्यांमधून सरळ मागे आला, टिटवीच्या पंखाखाली शिरला आणि एक अंडे फुटले.

टिटवी ओरडली. पण त्याच वेळी प्रेक्षकही ओरडत होते. कोणता आवाज कोणाचा, ते कळले नाही.

संध्याकाळी वडाखाली सभा भरली. अस्वल अध्यक्ष. मोहाची फुले खाऊन ते जरा जड झाले होते.

"आठ गोल!" अस्वल म्हणाले. "हे का झाले, त्याचा छडा लागलाच पाहिजे."

साळिंदर मास्तर उभे राहिले. "योजनेत उणीव राहिली, हे मी मोकळ्या मनाने कबूल करतो. आपण भिंत-योजना वापरली. कुंपण-योजना वापरायला हवी होती."

तेवढ्यात वरून कोणी खाकरले. वडाच्या शेंड्यावर वानरराव बसले होते. ते उंच बसत, म्हणून त्यांना लांबचे दिसते, असे सगळे धरून चालत. जवळचे दिसते का, हे कोणी विचारले नव्हते.

"भिंत काय आणि कुंपण काय!" वानरराव म्हणाले. "मास्तर, रेघा मारून कोणी खेळाडू होतं का? ते रक्तात असावं लागतं, रक्तात. त्या भेकराचा बाप काय होता? भित्रा. आजा? भित्रा. पान वाजलं की भुंकायचा. आता भेकराच्या पोटी काय वाघ निपजणार?"

"म्हणजे शिकवण्याला काही किंमतच नाही म्हणा!" मास्तरांचे काटे उभे राहिले.

"बोरीला कितीही शिकवा, आंबे लागतील का?"

"खतपाणी नसेल तर आंब्यालाही लागत नाहीत!"

दोन्ही वाक्यांना टाळ्या पडल्या. बऱ्याच जणांनी दोन्हीकडे वाजवल्या.

टिटवी पुढे आली. "मी मागूनच बघत होते," ती म्हणाली. "ते बाजूला झाले."

"कोण?" अस्वलाने विचारले.

"तिघंही. गवा आला की बाजूला होतात. 'या' म्हणतात."

सभेला हसू आले.

"अगं, मग काय 'जा' म्हणतील?" अस्वल म्हणाले. "समोर एवढा मोठा गवा! ती तर रीतच आहे. आपण इथं फुटबॉलचं बोलतोय."

"पण गोल तर त्यामुळेच—"

"बाई दुःखात आहेत," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "त्यांचं एक अंडं गेलंय."

सभेने दोन मिनिटे उभे राहून त्या अंड्याला श्रद्धांजली वाहिली. मग पुन्हा चर्चा सुरू झाली आणि चांदण्या दिसेपर्यंत चालली. शेवटी अस्वल म्हणाले, "दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे." हे वाक्य अस्वल प्रत्येक सभेत म्हणे, म्हणून तर ते अध्यक्ष होते.

परत जाताना टिटवीला वाटेत भेकर भेटले.

"भेकरा, खरं सांग. तू बाजूला का झालास रे?"

"मी?" भेकराला खरेच नवल वाटले. "मी कुठं बाजूला झालो, ताई? मी माझ्याच जागेवर होतो."

"तीन पावलं डावीकडे सरलास. मी मोजली."

भेकराने आठवून पाहिले. "सरलो असेन. अहो, ते काय ठरवून करतो का आपण? शिंक येते तसं ते होतं."

मुलांनो, हे वाक्य त्या जंगलातल्या साऱ्या सभांपेक्षा शहाणे होते. पण ते वडाखाली बोललेले नव्हते, म्हणून इतिवृत्तात आले नाही.

दुसऱ्या सामन्याला कुंपण-योजना आली. भेकर मुंगसाच्या जागी आणि मुंगूस भेकराच्या जागी. त्यामुळे आधी मुंगूस "या" म्हणाले आणि मग भेकर. सात गोल झाले. टिटवी चेंडूकडे पाठ करून अंड्यांवर दबून बसली. पाच चेंडू तिच्या पाठीवर आपटले. दोन डोक्यावरून गेले. उजवा पंख सुजला. अंडी तीनच्या तीन राहिली.

"आठाचे सात झाले!" संध्याकाळी मास्तर वडाखाली नाचायचेच बाकी होते. "योजना लागू पडली की नाही? या वेगानं आणखी सात सामने खेळलो, तर शून्यावर येऊ!"

"सात सामने कुठले? दोनच राहिलेत," टिटवी म्हणाली. "आणि मला अजून पंधरा दिवस बसायचंय."

"गवा दमला होता, म्हणून सात," वानरराव वरून म्हणाले. "रक्त बदला, मी सांगतो. चांगलं रक्त आणा."

आता जंगलात दोन तट पडले. एक योजनावाले, दुसरे रक्तवाले. योजनावाले डोहाच्या या बाजूने पाणी पीत, रक्तवाले त्या बाजूने. एका रक्तवाल्या घरात दिलेली मुंगशीण माहेरी जायची थांबली, कारण माहेर योजनावाले. मेजवानीला एकमेकांना बोलवेनात. पण मोठे कोणी आले, की दोन्ही तट तीन पावले सरून "या" मात्र एका सुरात म्हणत. तेवढी एकी त्या जंगलात अजून होती.

तिसऱ्या सामन्यासाठी रक्तवाल्यांनी दूरच्या सागवानातून एक रानडुक्कर आणले. काय ते डुक्कर! मान नाही, नुसते खांदे. आल्या दिवशी ते सरळ डोहात घुसले, सांबराला धक्का देऊन पाणी प्यायले आणि अस्वल आले तरी हलले नाही.

टिटवी गोलामागून पाहत होती. आठवड्यात पहिल्यांदाच तिला बरे वाटले.

पण जंगल हादरले.

"हे काय वागणं?" अस्वल म्हणाले. "खेळाडू झाला म्हणून काय झालं? आधी संस्कार, मग खेळ."

सामन्याला पाच दिवस होते. पाचही दिवस रानडुकराला पाणवठ्यावर उभे करून रीत शिकवली. तीन पावले. डावीकडे, उजवीकडे नाही. मान खाली. अजून खाली. "या." गोड म्हण. "या." डुक्कर बिचारे परक्या गावात आलेले. सगळ्यांशी जुळवून घ्यावे, अशी त्यालाही इच्छा होती. ते मन लावून शिकले.

सामन्यात गवा मैदानाच्या मध्यावर होता, तेव्हाच रानडुक्कर बाजूला झाले. "या, बसा," असेही म्हणाले.

नऊ गोल झाले.

"डुकराचं आजोळ तपासायला हवं होतं," संध्याकाळी वानरराव म्हणाले. "आईच्या बाजूनं काहीतरी कच्चं दिसतंय." मास्तरांनी वाळूत नवा गोल काढायला घेतला. त्यांच्या पाठीवर आता काटे विरळ झाले होते. रानडुक्कर रात्रीच निघून गेले. जाताना वाटेत ज्याला त्याला वाट देत गेले, त्यामुळे सागवानात पोचायला त्याला तीन दिवस लागले.

टिटवीने सभेपुढे पुन्हा एकदा हात जोडले, म्हणजे पंख जोडले. उजवा पुरता मिटत नव्हता.

"मला योजनेतलं कळत नाही. रक्तातलंही कळत नाही," ती म्हणाली. "माझी तीन अंडी राहिलीत. त्यांचे वीस दिवस झालेत. पुढच्या सामन्याला सत्तावीस होतील. तुम्ही गोल हलवत नाही, तर निदान सामना एक दिवस पुढं ढकला."

अस्वलाला दया आली. त्याने तिथल्या तिथे एक समिती नेमली आणि टिटवीला तिची सदस्य करून टाकले. पक्ष्यांचा प्रतिनिधी म्हणून.

"आता तुमचं म्हणणं समितीपुढं येईल," ते म्हणाले.

"कधी?"

"समिती बसेल तेव्हा."

"कधी बसेल?"

"चौथा सामना झाला की लगेच."

टिटवा आकाशातून खाली उतरला. "कशाला त्यांच्या नादी लागतेस?" तो म्हणाला. "हे अंडं घालत नाहीत आणि उबवत नाहीत. हे फक्त बसतात."

चौथा सामना. सत्ताविसावा दिवस. सकाळपासून टिटवीला पोटाखाली काही जाणवत होते. टक्. टक्. टक्. आतून चोच मारल्यासारखे. आता अंड्यांना एक साधा धक्काही चालणार नव्हता.

धनेशाने आपल्या मोठ्या चोचीने शिट्टी दिली. तो पंच होता. पहिल्याच मिनिटाला पैलाडच्या खेळाडूंनी चेंडू गव्याला दिला. गवा निघाला.

"या," भेकर म्हणाले.

"या," मुंगूस म्हणाले.

"या, या," म्हणून घोरपड बाहेर पडली.

गवा सवयीने मान हलवत पुढे आला. आणि थांबला.

गोलाच्या रेघेवर टिटवी उभी होती. मूठभर पक्षी. काटक्यांसारखे पिवळे पाय, एक पंख पसरलेला, दुसरा अर्धा. ती जिवाच्या आकांताने ओरडत होती.

"बाई, जरा बाजूला हो ना," गवा म्हणाला.

"नाही होणार."

"मला गोल करायचाय."

"माझ्यामागे तीन अंडी आहेत. उद्या फुटतील. आपली आपण फुटतील, तुझ्या चेंडूनं नाही."

गव्याने मान वाकवून तिच्यामागे पाहिले. आधी नुसते दगड दिसले. मग दगडांतली अंडी दिसली.

"अगं, मग हे आधी नाही का सांगायचं?"

"तीन आठवडे सांगतेय. आमच्याकडे समिती आहे."

गवा तिच्याकडे बघत राहिला. ती जागची हलत नव्हती. आणि जो हलत नाही, त्याचे काय समजायचे, हे गव्याला त्याच्या आईने लहानपणीच शिकवले होते.

"तुला गरज जास्त दिसते," तो म्हणाला. त्याने चेंडू वळवला आणि परत गेला.

मैदानावर गोंधळ उडाला. सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडले असेल? आपलेच मास्तर.

"पंच! हा पक्षी माझ्या योजनेत नाही! बाहेर काढा तिला!"

"निवड समितीनं तिला निवडलेलं नाही!" वानरराव शेंड्यावरून किंचाळले. "टिटवीच्या सात पिढ्यांत कोणी खेळलेलं नाही!"

मास्तर आणि वानरराव यांचे एकमत झाले, ते याच एका गोष्टीवर.

धनेशाने नियम आठवून पाहिले. अंड्यांसाठी उभ्या राहिलेल्या पक्ष्याबद्दल नियमांत काही नव्हते. त्याने शिट्टी दिली आणि खेळ चालू केला.

गवा आणखी एकदा आला, डावीकडून. ती डावीकडे उभी. मग उजवीकडून आला. ती बारीक पायांनी धावत उजवीकडे. तेव्हा गव्याने आपल्या खेळाडूंना जाऊन सांगितले, "तिकडे जायचं नाही. तिला गरज जास्त आहे." पैलाडच्या खेळाडूंना एवढे पुरे झाले. उरलेला सामना मैदानाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात झाला. कोणाचाच गोल झाला नाही.

शून्य-शून्य! बरोबरी! जंगलात आनंदाला पारावार राहिला नाही. डोहाकाठी नाच झाला. भेकर, मुंगूस आणि घोरपडीला खांद्यावर घेऊन मिरवले. टिटवीला मिरवता आले नाही. ती अंड्यांवर बसली होती.

त्याच संध्याकाळी, ठरल्याप्रमाणे, समिती बसली. विषय एकच. गोल का झाला नाही?

"माझ्या चौथ्या योजनेत," मास्तर वाळूत दाखवत म्हणाले, "रेघेवर हा ठिपका आहे पाहा. टिटवी बरोबर या ठिपक्यावर उभी होती."

"तुम्ही तर तिला बाहेर काढायला सांगत होता," कोणीतरी सशाच्या आवाजात म्हणाले. मागे वळून पाहिले, तर सगळे ससे माना खाली घालून उभे होते.

"रक्त!" वानरराव म्हणाले. "टिटवीचं रक्तच लढाऊ. मी पहिल्यापासून सांगत होतो."

रात्र व्हायला आली तरी निकाल लागेना. तेव्हा अस्वल डोळे चोळत म्हणाले, "पण मला सांगा, तिच्याकडं असं काय होतं, जे आपल्या बचावाकडं नव्हतं?"



"अंडी," मास्तर हळूच म्हणाले.

"अंडी!" वानरराव म्हणाले. "रक्त अंड्यातच तर असतं!"

"आणि प्रत्येक बचावपटूला एकेक अंडं दिलं, तर ती एक योजनाच झाली!"

तीन आठवड्यांचे भांडण एका क्षणात मिटले. योजनावाले आणि रक्तवाले एकमेकांच्या गळ्यात पडले. ठराव एकमताने पास झाला. उद्या सकाळी टिटवीची तीन अंडी समितीने ताब्यात घ्यावीत आणि पुढच्या हंगामासाठी बचावफळीत वाटावीत. एक भेकराला, एक मुंगसाला, एक घोरपडीला.

"अगदी योग्य," मुंगूस म्हणाले आणि त्याने ओठांवरून जीभ फिरवली. घोरपडीने नुसता आवंढा गिळला.

भेकर तेवढे उभे राहिले. "पण ती तर ताईंची आहेत," ते म्हणाले.

अस्वलाने त्याच्याकडे पाहिले. नुसते पाहिले.

भेकर तीन पावले डावीकडे सरले आणि मान खाली घालून म्हणाले, "या."

एका सदस्याची सही राहिली होती. पक्ष्यांच्या प्रतिनिधीची. ती गैरहजर असल्याने तिची संमती धरून चालावी, असे ठरले.

तात्पर्य

मुलांनो, बचाव कशाने होतो, योजनेने की रक्ताने, हा फार खोल प्रश्न आहे. त्यावर चर्चा करायची, तर गोल होत राहिले पाहिजेत. म्हणून ज्याच्या मागे अंडी आहेत, अशा कोणालाही मैदानाजवळ उभे राहू देऊ नये. असे लोक रीत मोडतात, ठिपक्यांना जुमानत नाहीत आणि मोठ्यांची चांगली चाललेली सभा बंद पाडतात. तुम्ही मोठ्यांना वाट देत जा. तीन पावले, डावीकडे. मागे काय आहे ते पाहू नका. पाहिले, की पाय हलत नाही.

आणि त्या अंड्यांचे काय झाले, असे तुम्ही विचारालच.

दुसऱ्या दिवशी सकाळी समिती गोलामागे गेली, तेव्हा तिथे तीन रिकामी टरफले होती. समितीने ती ठरावाप्रमाणे तिघांना वाटली. त्या वेळी टिटवी कोरड्या पात्रापलीकडे पैलाडच्या पाणवठ्यावर होती. तिची तीन पिले पाणी पीत होती आणि मागे गवा आपली पाळी येण्याची वाट पाहत उभा होता.